रोटाची पिशवी

प्रेमराज पाटलाला लग्नाच्या पंगतीत बसवावं आणि मजा बघावी. बाकीची माणसं वरण-बट्टीवर तुटून पडतात आणि हा पठ्ठ्या लोणच्याचं पाकीट नखानं सोलत बसतो. पाकिटाचा एकेक पदर सुटा करतो, उजेडात धरतो, नाकाशी नेतो आणि शेजारच्याला सांगतो, "गोंद कच्चा राहिलाय. उन्हाळ्यात फुगणार बघा हे." शेजारच्याला जिलबीशी कर्तव्य असतं. तो मान हलवतो आणि वाढप्याला हाक मारतो. प्रेमराजची बायको दिपमाला यावर एकच वाक्य बोलते, "ह्या माणसाला माझ्या साडीचा पदर कुठल्या रंगाचा हे विचारा, सांगता यायचं नाही. पाकिटाचे सगळे पदर तोंडपाठ."

तापीकाठचं गाव, शिरपूरच्या अलीकडचं. घरी कापूस, तरुणपणी धुळ्याला आयटीआय, आणि मग जळगावच्या एमआयडीसीत प्लास्टिकच्या पट्ट्या एकावर एक चिकटवणाऱ्या मशीनवर बरीच वर्षं नोकरी. लॅमिनेशन म्हणतात त्याला. पुढे चुलतभाऊ ललितला सोबत घेऊन त्यानं एक जुनं मशीन विकत घेतलं आणि भाड्याच्या शेडमध्ये स्वतःचा कारखाना थाटला. कारखाना हा शब्द जरा मोठाच झाला. एक मशीन, चारदोन माणसं आणि गोंदाचा वास, एवढाच तो पसारा.

पण त्या पसाऱ्यात प्रेमराजच्या डोक्यात एक किडा वळवळत होता, आणि तो किडा शेवभाजीनं सोडलेला होता. खानदेशातली शेवभाजी म्हणजे वर बोटभर तेलाची तर्री. पोरं पुण्याला, सुरतेला कामाला गेलेली, त्यांना घरचा रस्सा पाहिजे. हॉटेलवाले विचारत, "प्रेमराजभाऊ, उकळता रस्सा भरता येईल, वरून पुन्हा उकळून काढता येईल आणि फ्रीजशिवाय महिनोन्‌महिने टिकेल, अशी पिशवी करा ना." अशा पिशव्या बाजारात होत्या. बाहेरून पॉलिस्टर, मध्ये अॅल्युमिनियमची फॉइल, आतून अन्नाला लागणारा पॉलिप्रॉपिलीनचा पदर. डाळ-भाताला त्या चालत. पण मिरचीचं कढत तेल कोणाच्या बापाचं ऐकत नाही. ते आतल्या पदरातून मुरत मुरत गोंदापर्यंत जाई, गोंद सोडवी, आणि काही आठवड्यांत पिशवीला फोड येत.

प्रेमराजनं त्यावर आपली सगळी उमेद खर्च केली. नायलॉनचा पदर लोक मजबुतीसाठी बाहेरच्या बाजूला घालतात. त्यानं तो अगदी पातळ करून आत, फॉइल आणि शेवटच्या पदराच्या मध्ये घातला, गोंद बदलला आणि तयार रोल उबदार खोलीत हळूहळू मुरू दिले. किती रोल वाया गेले ते विचारू नका, दिपमालाला विचाराल तर अजून चिडते. आणि एका आषाढात त्यानं उघडलेली पिशवी आतून चकचकीत निघाली. एकही फोड नाही.

आता कोणीतरी म्हणालं, पेटंट घे, नाहीतर बडे मासे गिळतील. प्रेमराज नाशिकला पुनम मॅडमकडे गेला. पेटंटची कामं बघणारी ही बाई मूळची धुळ्याची, बोलायला गोड आणि कामाला कडक. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि बजावलं, "मुंबईला अर्ज दाखल होईपर्यंत ही पिशवी कोणाला दाखवायची नाही. लोकांसमोर वापरायची नाही. एकदा उघड वापरली की ती नवी राहत नाही, आणि नवी नसेल तर पेटंट नाही. कोणालाही म्हणजे कोणालाही नाही." प्रेमराजनं मान डोलावली आणि घरी आला. तोवर श्रावण लागला आणि कानबाई आली.

कानबाई ही खानदेशातल्या घरांची देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी ती बसते, नारळाच्या रूपानं, नथ-बिथ घालून, लाडक्या लेकीसारखी. तिच्या नैवेद्याचं जेवण म्हणजे रोट. रोटाची रीत फार कडक. घरातल्या माणसागणिक सव्वा मूठ गहू मोजून घ्यायचा, त्याच गव्हाचं करायचं, आणि ते फक्त भाऊबंदांनी खायचं. परक्याला कण द्यायचा नाही. उरलं-सुरलं, खरकटं, अगदी हात धुतलेलं पाणीसुद्धा घराबाहेर जाऊ द्यायचं नाही, परसात खड्डा करून पुरायचं. आणि दुसरी एक रीत, घरात नवं काही निघालं, नव्या वावरातला पहिला दाणा असो की नव्या दुकानातली पहिली वस्तू, ती आधी कानबाईपुढे.

प्रेमराजची आई भिकुबाई म्हणाली, "इतला वरीस करीसन पिशवी कयी, ती कानबाईले दखाडाविना मुंबईले धाडस का?"

प्रेमराजला पुनम मॅडमचं बोलणं आठवलं होतं, नाही असं नाही. पण तो मनाशी म्हणाला, कानबाई काय परकी आहे? आणि भाऊबंद तरी काय परके आहेत? दुसऱ्या कुठल्या मुलखातल्या माणसानं ही चूक केली नसती. त्यानं पुरणाच्या कटाची कढत आमटी, वर तेलाचा तवंग असलेली, पिशव्यांत भरली, सील केली, परसातल्या हंड्यात पुन्हा उकळली आणि कानबाईपुढे ठेवली. मग भाऊबंदांच्या पानांशेजारी एकेक फोडली. भाऊबंदांत थोरले असलेले गिरधर आबा बोटं चाटत म्हणाले, "वा रे पोऱ्या!" प्रेमराजची छाती वीतभर फुगली. पुढच्याच आठवड्यात अर्ज दाखल झाला.

फुगलेली छाती दोन-अडीच वर्षांनी बसली. अर्ज रीतसर प्रसिद्ध झाला आणि एका बड्या कंपनीनं त्याला विरोध केला. ती कंपनी तोवर तशीच पिशवी काढायला लागली होती. ललित मधल्या काळात भावाशी वाजवून निघून गेला होता आणि त्याच कंपनीत चिकटला होता. घरचा भेदी म्हणतात तो असा. कंपनीचं पहिलं म्हणणं, एक पदर इकडचा तिकडे केला ह्यात अक्कल कसली, हे कोणालाही सुचलं असतं. त्याला पुनम मॅडमनी सगळ्या चाचण्या पुढे टाकून उत्तर दिलं, आणि ते उत्तर लागू पडलं असं दिसत होतं. पण दुसरं म्हणणं जिव्हारी लागणारं होतं.

मॅडमचा फोन आला तेव्हा प्रेमराज मशीनपाशी होता. तिनं विचारलं, "अर्जाच्या आधी तुमच्या गावी काही कार्यक्रम झाला होता?"

प्रेमराजनं मशीन बंद केलं आणि कानबाईचं सगळं सांगितलं.

मॅडम म्हणाली, "ललितनं शपथेवर लिहून दिलंय की त्या जेवणाला बाहेरची माणसं होती. गुलीबाई पावरा नावाच्या बाईनं रोट खाल्ला, तुमची रिकामी पिशवी सोबत नेली, आणि ती तिच्या खोपीत भिंतीला अडकवलेली असायची. तिथूनच ती त्याला मिळाली म्हणतो. पिशवी त्यांनी पुरावा म्हणून दाखल केली आहे. डागासकट. फक्त घरचे लोक असतील आणि बाहेर काही जाऊ नये अशी रीत असेल, तर मला लढता येईल. पण एका जरी परक्या माणसाच्या हातात ती पिशवी मोकळेपणी गेली असेल, तर प्रेमराजभाऊ, ती लोकांसमोर आली असं धरलं जाईल. खरं काय ते मला सांगा. खोटं मी चालवणार नाही."

गुलीबाई. प्रेमराजनं डोळे मिटले. शिरपूरच्या वरच्या सातपुड्यातल्या पावरा आदिवासींच्या पाड्यावरून ती तरुणपणी त्यांच्या वावरात कामाला आली आणि राहिली. वावराच्या कडेला तिची खोपी. प्रेमराजला तिनं कडेवर फिरवलेलं, बापाच्या आजारपणात त्याचं हगणं-मुतणं काढलेलं. दर कानबाईला ती ओट्यावर बसून असायची. आत गाणी चालायची, फुगड्या चालायच्या, ही ओट्यावर. भिकुबाई तिला वेगळ्या पिठाची पोळी वाढायची. आणि त्या वर्षी? त्या एकाच वर्षी ती आत होती. स्वयंपाकघराच्या दाराशी, पान पुढे घेऊन. प्रेमराजनं ते पाहिलं होतं आणि पिशवीच्या कौतुकात विसरून गेला होता.

त्याला जे वाटलं ते सांगायला बरं नाही, पण सांगायला हवं. त्याला तिचा राग आला. इतक्या वर्षांची मेहनत, आणि ही म्हातारी पिशवी उचलून घेऊन गेली! हा विचार मनात घेऊनच तो गाडीला किक मारून गावाकडे निघाला. चोपड्यापर्यंत तर तो तिच्याशी मनातल्या मनात भांडतच होता.

गुलीबाई ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होती. त्यानं धड खालीही न बसता विचारलं, "गुलीअक्का, कानबाईनी पिशवी तू लई गयती का?"

तिनं वर पाहिलं. त्याच्याकडे बघत राहिली. हात तेवढे सोलत राहिले.

"मुंबईना पेटंटवाला साहेब तुले इचारी," प्रेमराज म्हणाला. "तू एवढंच सांग, मी त्या दिन रोट खाधाच नही. मी वट्टावर व्हती. बस. तेवढं सांगं तं पिशवी आपली ऱ्हाई."

"खाधाच नही म्हनू?" गुलीबाईनं विचारलं.

"हा."

आतून भिकुबाई बाहेर आली. ती सगळं ऐकत होती. "तिनी खाधा," ती म्हणाली. "मी वाढा. आनि उधार नही वाढा, तिनी मूठ टाकीसन वाढा."

रोटाच्या गव्हात परक्याची मूठ टाकायची म्हणजे भाऊबंदकीत आगच लावायची.

"तुना बाप त्याना आदला वरीस गया," भिकुबाई म्हणाली. "मुठी टाकाले बसनू तं एक मूठ कमी पडे. मना हात थांबे नही रे. मंग ती मूठ मी गुलीना नावनी टाकी. ज्यानं दुखनं-खुपनं बठ्ठं तिनी करं, त्यानी मूठ तिले. कोनले सांगं नही. गिरधर आबाले कळनं असतं तं पंगत उठनी असती."

प्रेमराजला एकदम वाट दिसली. मूठ टाकली म्हणजे ती घरची! मग परक्याचा प्रश्नच कुठे उरतो? त्यानं लगेच रंग बदलला. "बस मंग! अक्का, तू असंच सांग. साहेबनी इचारं तं सांगजो, मी घरनी शे."

गुलीबाईनं शेंगांची टोपली उचलली. "घडीभर पयले खाधा नही सांगाले लावस," ती म्हणाली, "आते घरनी शे सांगाले लावस. तुले काय सोयनं पडस ते आधी ठरावी ले भाऊ." आणि ती खोपीकडे चालती झाली. पिशवी नेली की नाही, ह्याचं उत्तर तिनं दिलंच नाही.

पुढचे दिवस प्रेमराजला अन्न गोड लागलं नाही. भिकुबाईनं मुठीची गोष्ट शपथेवर लिहून दिली आणि ती गावात फुटायला वेळ लागला नाही. गिरधर आबा काठी आपटत आले. "भिकू वहिनी, पिढ्यान्‌पिढ्यानी रीत मोडी तुम्हीन. पोऱ्यानी पिशवीसाठे देवीले बाटाडं."

"पिशवीना खटला तवय कोन जाने आबा," भिकुबाई म्हणाली. "मी मूठ टाकी ती मना धनीसाठे. कानबाई रुसनी का? त्याच वरीस कापूस पिकना तुमना बी." कापूस तर खरोखरच पिकला होता, गिरधर आबांनी काठी काखेत मारली. पण त्यांनी जाता जाता एवढं सांगितलं की पुढची कानबाई ह्या घरी बसवायची की नाही, ते भाऊबंद ठरवतील. भिकुबाई त्या दिवशी जेवली नाही. प्रेमराजच्या मनात आलं, पिशवी तर जाईलच, आता घरची देवीही जाणार.

कंपनीच्या वकिलानं गुलीबाईची उलटतपासणी मागितली आणि ती मंजूर झाली. सुनावणी मुंबईहून, संगणकावरून. गुलीबाई जळगावला यायला तयार नव्हती, म्हणून पुनम मॅडमच लॅपटॉप घेऊन गावी आली. माजघरात टेबल मांडलं. भाऊबंद आधीच जमले होते, हा तमाशा कोण सोडणार? पडद्यावर निकाल देणारे पेटंटचे कंट्रोलर साहेब दिसले. चष्मा, शांत चेहरा. ते म्हणाले, "साक्षीदार, अर्जदार आणि वकील सोडून खोलीत कोणी थांबायचं नाही."

झालं. गिरधर आबांसकट सगळे भाऊबंद उठले आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. आत खुर्चीवर गुलीबाई. दार लावून घेताना आबांनी एकदा मागे वळून पाहिलं. गुलीबाईची अहिराणी बोली पुनम मॅडमनं साहेबांना समजावून सांगायची असं ठरलं.

कंपनीचे वकील मुंबईचे, मराठी गोड आणि धारदार. त्यांनी नाव-गाव विचारलं आणि मग सरळच हात घातला.

"गुलीबाई, तुम्ही ह्या पाटील घराण्यातल्या आहात का?"

प्रेमराज कोपऱ्यात उभा होता. त्याचे ओठ नकळत हलले. शे म्हण. शे म्हण अक्का.

"नही," गुलीबाई म्हणाली.

मॅडमनं ते सांगायच्या आधीच साहेबांना समजलं.

"नात्यातल्या?"

"नही. घरनी व्हती तं तीस वरीस वट्टावर कसाले बसती?"

भिकुबाई स्वयंपाकघरात दाराआड उभी होती. तिच्या हातातलं भांडं खाली पडल्याचा आवाज आला.

"पण त्या दिवशी तुम्ही रोट खाल्लात. ह्या पिशवीतली आमटी खाल्लीत."

"खाधी. भिकू अक्कानी मनी मूठ टाकी व्हती."

"मूठ टाकली तरी तुम्ही घरच्या नव्हता, हे तुम्हीच म्हणता."

"नव्हतीच."

वकिलांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. त्यांना तिथं थांबता आलं असतं. पण शहाण्या माणसाला कुठे थांबावं ते कळत नाही. त्यांनी पारदर्शक पाकिटातली ती पिशवी कॅमेऱ्यासमोर धरली. "आणि ही पिशवी तुम्ही तुमच्या घरी नेलीत. भिंतीला अडकवलीत. येणारे-जाणारे बघत होते."

गुलीबाई पडद्याजवळ वाकली. निरखून बघितलं. "पिशवी तीच शे," ती म्हणाली. "पन मी नही लई गयती. रोटनं खरकटं कोनी घर लई जास का? बठ्ठ्या पिशव्या मीच खड्डामा पुरेल शेतस. मना हाते."

"मग ही कशी बाहेर आली?"

"ते ललितले इचारा. हात धोवाले त्यानी पानी मांगं, मीच दिधं. त्याना सदराना खिसा पिवया पडेल व्हता, आमटीना डाग. माले वाटनं, लेकरासाठे पोयीना तुकडा लई चालना व्हई. घरनाच मानूस, मी कसाले बोलू?"

वकील घाईनं म्हणाले की हा नुसता संशय आहे. कंट्रोलर साहेबांनी हात वर केला. ते पहिल्यांदाच सरळ गुलीबाईशी बोलले. "बाई, पिशवी बाहेर न्यायची नाही, कोणाला दाखवायची नाही, असं तुम्हाला कोणी सांगितलं होतं का? प्रेमराजनं? त्याच्या आईनं?"

हाच तो प्रश्न होता. पुनम मॅडमचं पेन हातातच राहिलं. कोणीच सांगितलं नव्हतं हे प्रेमराजला माहीत होतं, आणि गुलीबाई खोटं बोलणार नाही हेही आता त्याला कळून चुकलं होतं.

"कोनीच नही," गुलीबाई म्हणाली.

"मग तुम्हाला कसं माहीत, की बाहेर न्यायचं नाही?"

गुलीबाई अगदी साध्या आवाजात बोलली, "साहेब, ह्या घरना रोट बाहेर येस नही, हाई मझार बसनारासले काय माहीत? ते माले माहीत. मी बाहेर व्हती ना."

पुनम मॅडमनं ते साहेबांना मराठीत सांगितलं, "ह्या घरचा रोट बाहेर येत नाही, हे आत बसणाऱ्यांना काय माहीत? ते बाहेर बसणारीला माहीत." साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि लिहायला घेतलं. वकिलांनी आणखी प्रश्न नाहीत असं सांगितलं.

गुलीबाई उठली, दार उघडलं आणि ओट्यावर आली. तिच्या नेहमीच्या जागी गिरधर आबा बसले होते. ते घाईघाईनं सरकले. ती तिथं बसली नाही, पायऱ्या उतरून वावराकडे गेली. प्रेमराज तिच्या मागे जाणार होता. पण काय बोलणार? जिच्यावर त्यानं चोरीचा वहीम घेतला तिनं त्याचं राखलं होतं, आणि ज्याला आपला म्हणून बरोबर घेतलं त्यानं खिशात घालून विकलं होतं. तो दारातच उभा राहिला आणि त्याला रडू आलं. मोठ्या माणसानं रडावं तसं नाही, कडेवरच्या पोरानं रडावं तसं.

निकाल पावसाळ्याच्या तोंडावर आला. साहेबांनी लिहिलं होतं की त्या जेवणाला बसलेला प्रत्येक माणूस, नात्यातला असो की नसो, काही बाहेर न नेण्याच्या रीतीनं बांधलेला होता. ती रीत मोडून नेलेल्या वस्तूमुळे ती पिशवी लोकांपुढे आली असं म्हणता येत नाही. विरोध फेटाळला. पिशवी प्रेमराजची ठरली. पुनम मॅडमनं फोनवर पेढे मागितले, दिपमालानं पहिल्यांदाच गोंदाच्या वासाला नाक मुरडलं नाही.

प्रेमराज पेढे घेऊन खोपीवर गेला. "अक्का, पिशवी आपली व्हयनी," तो म्हणाला.

गुलीबाईनं पेढा घेतला, अर्धा मोडला. "आपली म्हंजे कोनी?" तिनं विचारलं. टोमणा नव्हता तो, खरंच विचारलं होतं. प्रेमराज पुडा तिथंच ठेवून, मान खाली घालून परत आला.

श्रावणात कानबाई त्याच घरी बसली. भाऊबंद कुरकुरत का होईना आले, कारण निकाल लागल्यावर गिरधर आबा गावभर "आमनी पिशवी" म्हणत फिरत होते. ललित आला नाही. भिकुबाईनं त्याची मूठ मात्र टाकली, रीत ती रीत. सूप पुढे घेऊन ती एकेकाचं नाव घेत गहू टाकत होती. शेवटची मूठ उरली तेव्हा तिचा हात थांबला. तिनं भाऊबंदांकडे पाहिलं आणि मग लेकाकडे.

प्रेमराज उठला. सगळ्यांच्या देखत बाहेर ओट्यावर गेला. गुलीबाई तिच्या जागी बसली होती, पाय पोटाशी घेऊन.

"अक्का, मझार ये," तो म्हणाला.

तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. "तुनं काम तं व्हयनं ना रे? गरज सरनी ना आते? मंग कसाले बोलावस?"

"गरज सरनी," प्रेमराज म्हणाला, "म्हनीसनच बोलावस."

गुलीबाई गुडघ्यावर हात देऊन उठली, ओट्याच्या कडेच्या बादलीतलं पाणी घेऊन हात धुतले, पदराला पुसले आणि उंबरा ओलांडला. भिकुबाईनं गहू मुठीत घेतला होता. गुलीबाईनं तिच्या मनगटाला हात लावला.

"ऱ्हाऊ दे अक्का," ती म्हणाली. "मनी मूठ मी टाकसू."